पडद्यावरचा उजेड कोण मोजतंय?

मागच्या वर्षी एक सिनेमा बघायला गेलो, बाहेर हे एवढं मोठं ४केचं पोस्टर, आणि आत रात्रीचा सीन सुरू झाला तर हिरो कुठे उभाय तेच कळेना. आवाजावरून समजत होतं की दोघं बोलतायत, त्यातला एक चिडलाय, पण चेहऱ्यांच्या जागी नुसते राखाडी ढग. शेवटी उठून बाहेर गेलो आणि दारावरच्या पोराला सांगितलं, तर म्हणे, "काका, पिक्चरच डार्क आहे." काका म्हणाला याचा राग जास्त आला की उत्तराचा, ते अजून ठरलेलं नाही. पण आठवड्याभराने तोच सिनेमा दुसरीकडे, जुन्या २के मशीनवर परत बघितला आणि सगळं दिसलं, दोघांचे चेहरे, मागची भिंत, भिंतीवरची ओलसुद्धा.

तेव्हापासून फिल्म भारी की डिजिटल भारी, २के पुरे की ४के पाहिजे (म्हणजे चित्र दोन हजार पिक्सेल रुंद की चार हजार), हा वाद कुठेही निघाला की मला तो ढगच आठवतो. लोक पिक्सेल मोजत बसलेत. पिक्सेल मोजणं सोपं असतं ना, आकडा कंपनीच देते, आपल्याला काही करावं लागत नाही. पडद्यावर उजेड किती पडतोय हे मात्र कोणी छापत नाही, आणि चित्राचं वाटोळं होतं ते बहुतेक वेळा तिथेच होतं, असं माझं ठाम मत झालंय.

आधी पिक्सेलवाल्यांचा हिशोब बघू, कारण तो अगदीच चुकीचा नाहीये. हॉलिवूडच्या सात स्टुडिओंनी २००२ मध्ये एकत्र येऊन डीसीआय नावाची संस्था काढली आणि २००५ मध्ये डिजिटल सिनेमाचे नियम पक्के केले. त्यात २के म्हणजे २०४८ बाय १०८० आणि ४के म्हणजे ४०९६ बाय २१६०. यावर लगेच कोणीतरी म्हणतो की अरे घरचा एचडी टीव्ही १९२० चा असतो, म्हणजे थेटरात फक्त १२८ पिक्सेल जास्त मिळतात, कशाला जायचं? आता ही तुलना आडवे पिक्सेल मोजण्यापुरती खरी आहे आणि पुढे फसवी. थेटरची फाइल दर सेकंदाला २५० मेगाबिटपर्यंत जाऊ शकते, ब्लू-रे डिस्कचं चित्र ४० च्या आतबाहेर थांबतं. थेटरात प्रत्येक फ्रेम स्वतंत्र दाबलेली असते, आधीच्या फ्रेमवरून अंदाज बांधलेली नसते, आणि प्रत्येक रंगाला १२ बिट म्हणजे ४०९६ पायऱ्या मिळतात. ब्लू-रेवर ८ बिट, म्हणजे २५६ पायऱ्या, त्यातही रंगाची माहिती चार पिक्सेलमागे एकदाच साठवलेली. संध्याकाळच्या आभाळात पट्टे दिसतात ना घरी, ते यामुळे. तेव्हा २के म्हणजे मोठा केलेला टीव्ही असं म्हणणाऱ्यांनी जरा दमानं घ्यावं.

आणि ४के बद्दलची एक गंमत फारशी कोणी सांगत नाही. मूळ नियमात २५० मेगाबिटची मर्यादा दोघांना सारखीच आहे. पिक्सेल चौपट, नळ तेवढाच. अर्थात फ्रेम दाबायचं जेपेग २००० हे तंत्र चांगलं आहे, ते निभावून नेतं, पण चौपट पिक्सेल म्हणजे चौपट चित्र असं काही होत नाही. त्यात परत कितीतरी सिनेमे, विशेषतः ग्राफिक्सने भरलेले, शेवटपर्यंत २के मध्येच तयार होत आलेत आणि मग ताणून ४के केले जातात, कारण चौपट पिक्सेलचं ग्राफिक्स रेंडर करायला वेळही तसाच लागतो. २०१० मध्ये आलेला अ‍ॅरी कंपनीचा अलेक्सा कॅमेरा, ज्याने फिल्मवाल्या भल्याभल्या कॅमेरामनना डिजिटलकडे ओढलं, त्याचं चित्रसुद्धा २.८केचंच असायचं. म्हणजे बोर्ड ४केचा आणि आतला माल २केचा, हे सर्रास चाललेलं असतं, आणि गंमत म्हणजे बघणाऱ्याला ते जाणवतही नाही.

का जाणवत नाही, तर डोळ्याला मर्यादा आहेत. नेहमीच्या चांगल्या नजरेला एका अंशाच्या साठाव्या भागाएवढा तपशील वेगळा ओळखता येतो असं धरतात. पडदा १२ मीटर रुंद असेल तर २केचा एक पिक्सेल साधारण ६ मिलिमीटरचा होतो, आणि २० मीटरवरून बघताना तो बरोबर त्या मर्यादेवर येतो. त्याच्या मागे बसलात तर २के आणि ४के तुमच्या डोळ्याला एकच. १० मीटरवर बसलात तर ४केसुद्धा मर्यादेवर आलं. पुढच्या रांगांत बसणाऱ्याला फरक दिसतो हे मी नाकारत नाहीये, तिरक्या रेषा आणि शेवटची श्रेयनामावली बघताना तर नक्कीच दिसतो, आणि तरुण डोळे या मर्यादेच्या पलीकडचंही पकडतात. पण मागे बसणाऱ्यांना ज्या गोष्टीचा फरक पडत नाही त्यावर एवढी जाहिरात आणि एवढं भांडण?

आता फिल्मवाले. यांच्याशी वाद घालताना मला त्रास होतो कारण मनाने मी त्यांच्यातलाच आहे. पण "फिल्मचं रेझोल्युशन अमर्याद असतं" हे वाक्य ऐकलं की राहवत नाही. कॅमेऱ्यातून निघालेल्या ३५ एमएम निगेटिव्हमध्ये ४केच्या तोडीचा तपशील असतो, मान्य. पण थेटरात निगेटिव्ह कोण लावत होतं? निगेटिव्हवरून इंटरपॉझिटिव्ह, म्हणजे सुलटी कॉपी, त्यावरून परत डुप्लिकेट निगेटिव्ह, आणि त्यावरून धडाधड वेगात हजारो प्रिंट. प्रत्येक कॉपीत थोडं थोडं जातं, झेरॉक्सची झेरॉक्स काढल्यासारखं. मग ती प्रिंट प्रोजेक्टरमध्ये सेकंदाला २४ वेळा झटक्याने ओढली जाते, दिव्याच्या उष्णतेने फ्रेम फुगते, फोकस हलतो, चित्र किंचित डुलत राहतं. २००० च्या दशकाच्या सुरुवातीला यावर खऱ्या थेटरांत चाचण्या झाल्या, तर पडद्यावर पोचलेला तपशील चित्राच्या उंचीत ८७५ रेषांच्या पुढे काही गेला नाही, आणि तोही सगळ्यात चांगल्या ठिकाणी. बाकी ठिकाणी त्याहून कमी. म्हणजे नुसत्या तपशिलाच्या बाबतीत साधा २के प्रोजेक्टर नेहमीच्या ३५ एमएम प्रिंटच्या बरोबरीला किंवा पुढे होता. आणि ही नव्या प्रिंटची गोष्ट, महिनाभर फिरलेल्या, उभ्या रेषा पडलेल्या आणि ठिकठिकाणी चिकटवलेल्या प्रिंटचं तर बोलायलाच नको. आठवणीतली प्रिंट नेहमी नवीकोरी असते, हा आठवणींचा दोष.

मग लोकांना फिल्म चांगली का वाटायची, सगळे खोटं बोलतात का? अजिबात नाही. फक्त ते चुकीच्या गोष्टीला श्रेय देतात. ग्रेनचं, म्हणजे फिल्मवरच्या दाणेदारपणाचं बघा. रंगीत फिल्मवर चित्र बनतं ते रंगाच्या बारीक बारीक ठिपक्यांचं, आणि ते ठिपके प्रत्येक फ्रेममध्ये वेगळ्या जागी असतात. एका फ्रेममध्ये भुवईची कड थोडी इकडे, पुढच्यात थोडी तिकडे, आणि डोळा सेकंदात अशा २४ फ्रेम एकत्र करून त्यातून कड शोधतो. पिक्सेलची जाळी मात्र जागची हलत नाही, खिडकीच्या जाळीतून बघावं तसं. १९९९ च्या जूनमध्ये अमेरिकेत मोजक्या थेटरांत पहिल्यांदा मोठा सिनेमा डिजिटलवर दाखवला गेला तेव्हा डीएलपी चिपवर, म्हणजे पिक्सेलमागे एक बारीक आरसा असलेल्या चिपवर, १२८० बाय १०२४ आरसे होते, आणि पुढे बसणाऱ्यांना ती जाळी चक्क दिसायची. त्यामुळे त्या काळी नाक मुरडणाऱ्यांचं काही चुकलं नव्हतं.

दुसरं म्हणजे काळा रंग. डीएलपी प्रोजेक्टरमध्ये लाखो सूक्ष्म आरसे असतात, काळं दाखवायचं असलं की आरसा कलतो आणि उजेड बाजूला फेकतो, पण आरशांच्या कडांवरून थोडा उजेड उडून लेन्समध्ये शिरतोच. त्यामुळे काळं म्हणजे गडद राखाडी. चांगल्या फिल्म प्रिंटचा काळा याहून खोल असायचा. आणि माणसाला चित्र "शार्प" वाटतं ते बारीक तपशिलावरून कमी आणि काळ्या-पांढऱ्यातल्या फरकावरून जास्त, हे फोटोग्राफी करणाऱ्या कुणालाही विचारा.

तिसरी गोष्ट स्कोपची, आणि याचा मला खरंच राग आहे. फिल्मच्या काळात सिनेमास्कोप म्हणजे मोठा सोहळा होता. लेन्सने चित्र आडवं दाबून फ्रेमची पूर्ण उंची वापरायची आणि पडद्यावर परत ताणायचं, म्हणजे स्कोपला फिल्मचा जास्त भाग मिळायचा. सिनेमा सुरू व्हायच्या आधी पडद्याच्या बाजूचे काळे पडदे सरकत जायचे आणि चित्र रुंद व्हायचं. डिजिटलमध्ये उलटं झालं, २०४८ रुंदी तीच ठेवून वर-खाली कापायचं, उरतात ८५८ ओळी. म्हणजे सगळ्यात भव्य दिसायला हवा त्या सिनेमाला सगळ्यात कमी पिक्सेल. बऱ्याच नव्या थेटरांत तर ते सरकणारे काळे पडदेही काढून टाकलेत, त्यामुळे वर-खाली राखाडी पट्टे सिनेमाभर लोंबत राहतात. काळं कापड सरकवायला काय रॉकेट सायन्स लागतं?

बरं, आता उजेड. माझा मुद्दा खरा इथे आहे.

नियम असा की पूर्ण पांढरी फ्रेम दाखवली तर पडद्याच्या मध्यावर १४ फूट-लॅम्बर्ट, म्हणजे चौरस मीटरला ४८ कँडेला उजेड हवा. थेटरला थोडी सूट आहे, साधारण ११ ते १७ च्या मधे चालतं. टीव्हीसाठी रंग ठरवणारे लोक साधारण १०० कँडेला धरून काम करतात, म्हणजे थेटरचा नियमच मुळात टीव्हीच्या निम्म्याहून कमी आहे. हॉल काळोखा असतो म्हणून ते चालतं. म्हणजेच इथे शिल्लक फार नाहीये, यातूनही कमी केलं तर थेट चित्रच जातं.

आणि कमी होतंच. प्रोजेक्टरमधला झेनॉनचा दिवा पहिल्या दिवसापासून मंद व्हायला लागतो, दिवा महाग, मग तो ओढूनताणून चालवायचा. प्रोजेक्शन रूमची काच कोणी पुसत नाही. थ्रीडीसाठी बसवलेला फिल्टर टूडी सिनेमालाही तसाच पुढे राहतो, कारण काढायला परत कोण जाणार, आणि तो बराच उजेड खातो. थ्रीडीत उजेड इतका कमी होतो की त्याचे रंग वेगळे, कमी उजेड गृहीत धरून ठरवावे लागतात. मग चष्म्याचं थ्रीडी नीट चालावं आणि थोडा उजेडही भरून निघावा म्हणून चंदेरी पडदा लावतात, त्याने मध्यभाग चकाकतो आणि कडेच्या खुर्चीवरून बघणाऱ्याला अर्धा पडदा अंधारात. तोच पडदा मग सगळ्या सिनेमांना.

आता पिक्सेलवाल्यांनी इथे लक्ष द्यावं. उजेड कमी झाला की डोळ्याची बारीक तपशील ओळखण्याची ताकदही कमी होते, विशेषतः फिकट आणि बारीक गोष्टींची, कापडाचा पोत, त्वचेवरची छिद्रं, काळ्या कोटावरची काळी घडी. मंद दिव्यात वर्तमानपत्र वाचून बघा, अक्षरांचा आकार तोच असतो पण वाचता येत नाही. म्हणजे निम्म्या उजेडातला ४के प्रोजेक्टर तुम्हाला पूर्ण उजेडातल्या २केपेक्षा कमी दाखवू शकतो. मी त्या आठवड्यात बघितलं ते हेच.

आणि हे पकडलं का जात नाही, तर डोळा जुळवून घेतो. उजेड निम्मा झाला तरी निम्मा वाटत नाही, जरा मरगळलेलं वाटतं इतकंच. फिल्म बिघडायची तेव्हा बोंब मारून बिघडायची, रेषा पडायच्या, रीळ तुटायचं, पडद्यावर फ्रेम जळताना दिसायची आणि पब्लिक शिट्ट्या मारून छत डोक्यावर घ्यायचं. दोन हजार फुटांचं एक रीळ बावीसेक मिनिटांत संपतं, उजव्या कोपऱ्यात ठिपका आला की दुसरं मशीन सुरू करायचं, म्हणून ऑपरेटरला तिथे थांबावंच लागायचं, आणि थांबलेला माणूस अधूनमधून पडद्याकडे बघतोच. नंतर अख्खा सिनेमा एका मोठ्या थाळीवर गुंडाळायची सोय आली, एकच माणूस पाचसहा मशीन सांभाळायला लागला, आणि डिजिटल आल्यावर तोही गेला. वेळापत्रक कॉम्प्युटरवर लावलेलं, दिवे आपोआप मंद, सिनेमा आपोआप सुरू. डिजिटल चित्र बिघडतं ते गपचूप बिघडतं आणि ते बघायला वर कोणी नसतं.

म्हणून मला वाटतं फिल्म जाऊन डिजिटल आलं यात आपलं खरं नुकसान झालं ते ऑपरेटर गेल्याचं. २०२३ मध्ये 'ओपनहायमर' या सिनेमाच्या आयमॅक्स फिल्म प्रिंट जगभरात जेमतेम तीसेक ठिकाणी लागल्या आणि लोक तासन्‌तास प्रवास करून गेले. त्या फिल्मची फ्रेम ३५ एमएमच्या साधारण नऊ पट मोठी, तिथे फिल्मची बाजू निर्विवाद वरचढ आहे, मी हात जोडतो. पण अठराएक किलोमीटर लांब आणि पावणेतीनशे किलोच्या आसपास वजनाची ती प्रिंट चालवायला तिच्याशेजारी जाणकार माणूस उभा करावाच लागला, हेही विसरू नका. तेवढी काळजी रोजच्या २के मशीनची घेतली असती तर?

उलटा पुरावाही आहे. डॉल्बीने २०१५ च्या सुमारास लेझर लावून उजेड दुपटीहून जास्त, ३१ फूट-लॅम्बर्टपर्यंत नेला आणि काळा खरोखर काळा केला, तेव्हा ज्यांना पिक्सेल म्हणजे काय हे माहीत नाही त्यांनाही पहिल्या मिनिटात फरक कळला. ४केचा फरक सांगायला मात्र बाहेर बोर्ड लावावा लागतो.

थेटरवाले म्हणतील दिव्याचा खर्च, विजेचा खर्च, आणि प्रेक्षक कुठे तक्रार करतो? अहो, प्रेक्षकाला दिसतं, फक्त तो तुम्हाला दोष देत नाही, कॅमेरामनला देतो. "काय अंधारात शूटिंग केलंय" ही शिवी निम्म्या वेळा तरी चुकीच्या पत्त्यावर जात असणार. काही दिग्दर्शक खरंच काळोखात शूट करतात, ती फॅशनच झालीये, ते वेगळं. पण त्यांनीही ते चित्र ४८ कँडेलाच्या पडद्यावर बघूनच पास केलेलं असतं, १५ च्या नाही.

आणि स्टुडिओंचं तर काय सांगायचं. डिजिटल सिनेमाच्या फाइलला कुलूप असतं, त्याची किल्ली ठराविक मशीनसाठी, ठराविक तारखेपासून ठराविक तारखेपर्यंतच चालते. कोणता शो किती वाजता सुरू झाला, कधी संपला, सगळ्याची नोंद मशीन ठेवतं, पायरसी झाली तर चित्रात लपवलेल्या खुणेवरून कोणत्या मशीनवर झाली ते शोधता येतं. चोरीची एवढी काळजी! आणि तेच चित्र पडद्यावर किती उजेडात पडलं याची नोंद मागायचं मात्र त्यांना सुचत नाही. प्रमाणपत्र मशीनला मिळतं, पडद्याला नाही. आपल्याकडे मापात पाप म्हणतात, पण इथे मापच घेत नाहीत, मग पाप कशात धरायचं?

मला काही मोठी क्रांती नकोय. पांढरी फ्रेम लावायची, मीटर घेऊन मधल्या खुर्चीवर बसायचं, मध्यावरचा आणि चार कोपऱ्यांचा आकडा घ्यायचा, नियमाने कोपऱ्यात मध्याच्या ७५ टक्के तरी हवा. दहा मिनिटांचं काम आहे. महिन्यातून एकदा करा आणि तो आकडा तारखेसकट दारावर लावा, त्या ४केच्या स्टिकरशेजारी. स्टुडिओंनी सिनेमा देताना हा आकडा मागावा, समीक्षकांनी आपण कुठल्या पडद्यावर बघितला ते लिहावं, आणि जास्त तिकीट लावणाऱ्याने तो आकडा दाखवल्याशिवाय लावू नये. ज्याचा आकडा ८ फूट-लॅम्बर्ट आहे त्याच्याकडे ४के असो नाहीतर ८के, मी जाणार नाही.

परवा एका ठिकाणी शो संपल्यावर मॅनेजर भेटले, भला माणूस होता, म्हणून विचारलं की पडदा जरा मंद वाटतो, दिवा कधी बदललाय? ते हसून म्हणाले, "सर, आपल्याकडे लेझर आहे, दिवा नाहीच." म्हटलं लेझरसुद्धा तास भरत जातात तसा उतरतो, शेवटचा मोजला कधी? त्यांनी थोडा विचार केला, वॉकीटॉकीवर कोणाला तरी विचारलं, पलीकडून काहीतरी खरखर आली. मग म्हणाले, "बसवला तेव्हा कंपनीवाल्यांनी मोजला असेल ना."